हुकूम कुणाचा, आणि कुठवर?

शिपायाने हुकूम मानायचा असतो, हे कुणाला शिकवावे लागत नाही. ज्या गावातली पोरे पलटणीत जातात, तिथे तर शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असते. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव घ्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसे फौजेत गेली, म्हणून गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' असे पडले. अशा गावात म्हातारा बाप पोराला गाडीत बसवताना सांगतो, "साहेब म्हणेल तसं कर बाबा. उलटून बोलू नको."

बापाचे सांगणे बरोबर आहे. पण आमच्या वाचनवर्गात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतो, "आणि साहेबानं नको ते करायला सांगितलं तर?" मग दुसरा म्हणतो, "साहेबाला तरी हुकूम कोण देतो? आणि त्याच्या वरच्याला?" हे दोन्ही प्रश्न एकाच दोराची दोन टोके आहेत. म्हणून आपण दोन्ही हातात घेऊ.

आधी हुकूम कोणत्या वाटेने येतो ते बघू.

भूदल, नौदल आणि हवाई दल अशी आपली तीन दले. या तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापतिपद राज्यघटनेने राष्ट्रपतींना दिले आहे. पण राष्ट्रपती आपल्या मनाने एकही पलटण हलवीत नाहीत. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. आणि लोकसभेत माणसे कोण पाठवतो? तुम्ही आम्ही, बोटाला शाई लावून. म्हणजे लढाई करायची की नाही, कुणाशी करायची, कुठे थांबायची, हे ठरवायचा अधिकार अखेर लोकांनी निवडलेल्या सरकारचा आहे. वर्दीतल्या माणसांचा नाही.

सरकारचा निर्णय संरक्षणमंत्र्यांकडून लष्करप्रमुखांकडे येतो. त्यांच्या खाली आर्मी कमांडर, मग कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड. ही नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. ब्रिगेडच्या खाली पलटण, तिचे कर्नलसाहेब. पलटणीच्या कंपन्या, कंपनीच्या प्लाटून. प्लाटूनवर सुभेदार नाहीतर नायब सुभेदार. प्लाटूनच्या खाली सेक्शन. सेक्शनवर हवालदार आणि त्याच्या हाताखाली आठ-दहा जवान. दिल्लीत ठरलेली गोष्ट अशी पायरी पायरी उतरत आपल्या गावच्या पोरापर्यंत येते. मधली पायरी गाळून कोणी उडी मारीत नाही, वरूनही नाही आणि खालूनही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या वस्तीचेच उदाहरण घ्या. रानातल्या वस्तीवर आपण बंदूकवाला राखणदार ठेवला. चोर आला तर काय करायचे ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. कुंपण कुठे मोडले आहे तेही त्यानेच सांगायचे. पण शेजाऱ्याशी बांधावरून भांडण काढायचे की मिटवायचे, हे राखणदार ठरवू लागला तर? मग घर त्याचे झाले, आपले राहिले नाही. जगात कितीतरी देशांत असे झाले आहे. आपल्या शेजारी पाकिस्तानात १९५८ साली सेनापती अयूबखान यांनी राज्यच हाती घेतले. पुढे १९७७ साली आणि १९९९ साली तेच घडले. हातात बंदूक असलेल्या माणसाने बंदूक नसलेल्या माणसाचा शब्द मानायचा, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

आता पहिला प्रश्न. साहेबाने नको ते सांगितले तर?

आपल्या लष्कराचा कायदा १९५० सालचा आहे. त्याच्या ४१व्या कलमात हुकूम मोडण्याची शिक्षा सांगितली आहे. वरिष्ठाने समक्ष दिलेला हुकूम जाणूनबुजून, उद्दामपणे मोडला तर चौदा वर्षांपर्यंत कैद. चौदा वर्षे! बंड केले तर फाशीसुद्धा. पण त्या कलमात एक शब्द आहे, त्यावर बोट ठेवून वाचा. कायदा नुसते 'हुकूम' म्हणत नाही. 'कायदेशीर हुकूम' म्हणतो. तो शब्द उगाच पडलेला नाही.

आपल्या फौजदारी कायद्यातही हीच गोष्ट आहे. जुन्या दंडसंहितेत ती होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तिथे शिपायाचेच उदाहरण दिले आहे. कायद्याला धरून वरिष्ठाने हुकूम दिला आणि शिपायाने जमावावर गोळी झाडली, तर शिपायाचा गुन्हा नाही. इथेही अट तीच, हुकूम कायद्याला धरून असला पाहिजे. दंगल मोडायला लष्कर बोलावले तरी कमीत कमी बळ वापरावे, माणसांची आणि मालमत्तेची हानी होता होईल तेवढी कमी करावी, असे कायदाच सांगतो.

यावरून कुणी म्हणेल, बरे झाले, आता प्रत्येक हुकमाला "कायदेशीर आहे का?" म्हणून विचारू. तसे नाही हो. भर पावसात खंदक खणायला लावले, रजा नाकारली, रात्रीचा पहारा पुन्हा आपल्याच वाट्याला आला, तर हुकूम नावडता झाला, बेकायदा झाला नाही. तो मानायचाच. हुकूम समजला नसेल तर "समजलं नाही साहेब, परत सांगा" असे विचारण्यात मात्र काही गुन्हा नाही. उलट न समजता केलेले काम जास्त नडते. बेकायदा हुकूम निराळा असतो. तो कसा असतो, हे एका परदेशच्या गोष्टीवरून नीट कळेल.

व्हिएतनाम नावाचा देश आहे. तिथे अमेरिकेचे सैन्य लढत होते. १६ मार्च १९६८ रोजी सकाळी अमेरिकन शिपायांची एक कंपनी माय लाय नावाच्या वस्तीत शिरली. तिथे शत्रू लपला आहे असे त्यांना सांगितले होते. शत्रू सापडला नाही. सापडल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरे. घरांत सकाळचा भात शिजत होता. शिपायांनी त्यांना गोळा केले, एका चरापाशी नेले आणि गोळ्या घातल्या. तिथल्या स्मारकावर आज ५०४ नावे आहेत.

त्याच वेळी वर एक लहान हेलिकॉप्टर फिरत होते. ते ह्यू थॉम्पसन नावाचा पंचविशीच्या आतला वैमानिक चालवीत होता. खाली काय चालले आहे ते त्याला दिसले. आपलेच शिपाई एका खंदकात लपलेल्या गावकऱ्यांकडे चालले आहेत हे पाहून त्याने हेलिकॉप्टर मधोमध उतरवले. आपल्या दोन साथीदारांना सांगितले, "यांनी त्या लोकांवर गोळी झाडली, तर तुम्ही यांच्यावर झाडा." मग तो एकटा पुढे गेला. त्या गावकऱ्यांना त्याने बाहेर काढले आणि दुसरी हेलिकॉप्टरे बोलावून सुखरूप जागी पाठवले. चरातल्या प्रेतांमधून एक जिवंत पोर उचलून दवाखान्यात पोचवले. तळावर परतल्यावर वरिष्ठांना सगळे सांगितले. त्यानंतर गोळीबार थांबवण्याचा हुकूम सुटला.

पुढे खटला झाला. विल्यम कॅली नावाचा लेफ्टनंट म्हणाला, "मला वरून हुकूम होता." लष्करी न्यायालयाने ते ऐकून घेतले नाही. न्यायालयापुढची कसोटी साधी होती. साधारण अक्कल असलेल्या माणसाला जो हुकूम बेकायदा आहे हे कळेल, तो हुकूम ढाल म्हणून पुढे करता येत नाही. नि:शस्त्र बाई आणि तान्हे पोर मारायचे नसते, हे कळायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. मार्च १९७१ मध्ये कॅलीला निदान २२ माणसांच्या खुनाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा जन्मठेपेची झाली. पण ती कमी होत गेली, आणि साडेतीन वर्षांच्या आसपास, तेही बहुतेक आपल्याच खोलीत नजरकैदेत राहून, तो सुटला. आम्हांला हा न्याय अपुरा वाटतो. थॉम्पसनला तर आधी शिव्याच मिळाल्या, धमक्या आल्या. घरचा भेदी म्हणाले लोक. शौर्याचे पदक त्याला मिळाले ते १९९८ साली, तीस वर्षांनी.

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. त्याचा निवाडा मात्र इतका सरळ नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह चालू होता. पेशावरला, म्हणजे आताच्या पाकिस्तानात, खान अब्दुल गफारखान यांच्या पठाण अनुयायांनी हाती शस्त्र न घेता सत्याग्रह मांडला. २३ एप्रिलला किस्साखानी बाजारात मोठा जमाव जमला. इंग्रज सरकारने चिलखती गाड्या आणल्या, गोळीबार केला, पुष्कळ माणसे मेली. तिथे गढवाली रायफल्सची पलटणही आणली होती. पलटण हिंदू पहाडी शिपायांची आणि जमाव मुसलमान पठाणांचा. हिंदूंच्या हातून मुसलमानांवर गोळ्या झाडवाव्या, हा सरकारचा हिशेब. पण हवालदार चंद्रसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी नि:शस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला. त्यांच्यावर कोर्टमार्शल झाले. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, साथीदारांनाही कित्येक वर्षांची कैद झाली. चंद्रसिंग अकरा वर्षांनी, १९४१ साली सुटले.

सारा देश त्यांना वीर म्हणाला, आणि आम्हीही म्हणतो. पण गांधीजी काय म्हणाले ते ऐका. १९३१ साली ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. एका फ्रेंच पत्रकाराने त्यांना या गढवाली शिपायांबद्दल विचारले. गांधीजींचे उत्तर अनेकांना आवडले नाही. त्यांचे म्हणणे असे, की जो शिपाई शपथ घेऊन नोकरीत राहतो आणि हुकूम मोडतो, तो शपथ मोडतो. उद्या राज्य आमच्या हाती आले तर हेच शिपाई आमच्या कामाला लागतील. आज मी त्यांना हुकूम मोडायला शिकवले, तर उद्या ते आमचाही मोडतील. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी जो करार झाला, त्यात सत्याग्रही कैदी सुटले. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले शिपाई मात्र सुटले नाहीत.

अहिंसेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता गोळी न झाडणाऱ्याला दोष देतो, हे वाचून माणूस चक्रावतो. आमचे मत विचाराल तर चंद्रसिंगांनी केले ते योग्यच केले. समोरची माणसे हाती शस्त्र न घेता उभी होती. पण गांधीजींची भीतीही खोटी नव्हती. हुकूम मोडणारा प्रत्येक जण चंद्रसिंग नसतो. चंद्रसिंगांनी शिक्षा टाळायला पळ काढला नाही, कुणावर बंदूक रोखली नाही, आणि परिणाम आपल्या अंगावर घेतला. हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

हे झाले जिवावरचे प्रसंग. रोजच्या अन्यायाचे काय? शिवीगाळ, वाईट जेवण, अडवलेली बढती, खोटा ठपका?

त्यालाही वाट आहे. लष्कर कायद्याच्या २६व्या कलमाप्रमाणे जवानाला आपल्या कंपनीच्या साहेबाकडे तक्रार करता येते. तक्रार त्याच साहेबाविरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्याकडे. अधिकाऱ्यांना २७व्या कलमाने थेट केंद्र सरकारपर्यंत दाद मागता येते. तिथेही काम झाले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ साली झाला आणि काम २००९ साली सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. वर्तमानपत्राकडे जाणे, पक्षाच्या सभेत भाषण करणे, चार जणांची सही घेऊन संघटना काढणे, हे मात्र जवानाला करता येत नाही. इतर नागरिकांना असलेले हे हक्क घटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला जवानापुरते आवळता येतात, आणि ते आवळले आहेत. मत मात्र त्याला देता येते.

तक्रारीची वाट तुंबली की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' नावाच्या नौदलाच्या तळावर खलाशांनी जेवण नाकारले. अन्न वाईट होते, आणि गोरा अधिकारी आईबहिणीवरून शिव्या देत होता. त्याविरुद्ध केलेल्या तक्रारी कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. ताटावरून निघालेली गोष्ट चार दिवसांत सगळ्या आरमारात पसरली, मुंबईत गोळ्या चालल्या, गिरणीकामगार रस्त्यावर आले. शेवटी सरदार पटेलांनी खलाशांना शस्त्रे खाली ठेवायला सांगितले.

आता दुसरे टोक. हुकूम देणाऱ्या मोठ्या साहेबालाच सरकारचे म्हणणे पटले नाही तर?

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. तिथल्या फौजांचे सेनापती होते अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर. पाच ताऱ्यांचे जनरल, दुसऱ्या महायुद्धात जपानला शरण आणणारे. त्यांच्या वर अध्यक्ष ट्रूमन. ते पूर्वी शेतात नांगर धरलेले, आणि पहिल्या महायुद्धात साधे कप्तान. चीन युद्धात उतरला तेव्हा मॅकआर्थरचे म्हणणे पडले, की लढाई चीनच्या भूमीवर न्यावी. ट्रूमनना तिसरे महायुद्ध नको होते. लढाई कोरियातच ठेवून तह करावा, असा त्यांचा विचार होता.

मतभेद असणे यात काही वावगे नाही. सेनापतीने आपले मत सरकारला सांगावेच. पण मॅकआर्थरनी ते चव्हाट्यावर मांडले. जाहीर बोलण्याआधी परवानगी घ्या, असे लेखी सांगितलेले असतानाही मार्च १९५१ मध्ये त्यांनी परस्पर पत्रक काढून चीनला दमात घेतले. ट्रूमनची तहाची खटपट त्यात बुडाली. मग त्यांनी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला लिहिलेले पत्र प्रतिनिधिगृहात वाचले गेले. ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमननी त्यांना काढून टाकले.

लोक ट्रूमनवर खवळले. मॅकआर्थर घरी परतले तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पण पुढे चौकशी झाली, तेव्हा लष्कराच्या बड्या अधिकाऱ्यांनीच अध्यक्षांच्या बाजूने साक्ष दिली. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की मॅकआर्थर हुकूम मिळताच खाली उतरले. एकही पलटण त्यांच्यासाठी हलली नाही.

कोरियाची लढाई जुलै १९५३ मध्ये थांबली. कैद्यांच्या अदलाबदलीसाठी तिथे आपली फौज गेली होती. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. हेच थोरात पुढे लेफ्टनंट जनरल आणि पूर्व विभागाचे आर्मी कमांडर झाले. त्यांची गोष्ट मॅकआर्थरच्या अगदी उलटी आहे.

१९५९ साली थोरातांनी ईशान्य सरहद्दीची पाहणी करून वर लिहून कळवले, की चीन इकडून येण्याचा धोका आहे. आपले सैन्य कमी आहे, रस्ते नाहीत. अगदी टोकाच्या रेषेवर लढण्याऐवजी, जिथे आपली रसद पोचते अशा मागच्या जागी शत्रूला अडवावे. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी नकाशांवर लुटुपुटूची लढाई मांडून हे पुन्हा दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते घाबरटपणाचे वाटले. थोरातांनी वर्तमानपत्र गाठले नाही, पुढाऱ्यांना पत्रे लिहिली नाहीत. १९६१ साली ते निवृत्त झाले.

सरकारने नेहमीच कान बंद ठेवले असेही नाही. १९७१ च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींना लगेच कूच हवी होती. माणेकशांनी तोंडावर सांगितले, की आता निघालो तर पावसाळ्यात अडकू, आणि हार होईल. हे ते पुढे स्वतः सांगत असत. बाईंनी ऐकले. लढाई डिसेंबरात झाली, आणि तेरा दिवसांत ढाक्याला शत्रू शरण आला.

१९६२ साली मात्र तसे झाले नाही. सरकारने फौज पुढे धाडायचे ठरवले. ७वी ब्रिगेड नामका चू नावाच्या नदीकाठी उतरवली. जागा लढायला वाईट आहे, असे तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी वरिष्ठांना सांगत होते. हुकूम बदलला नाही. तो बेकायदा नव्हता, चुकीचा होता. म्हणून दळवी तिथेच राहिले आणि त्यांचे जवानही. अंगात सुती कपडे, पट्ट्यात थोडी काडतुसे. २० ऑक्टोबरला पहाटे चिनी फौज त्यांच्यावर कोसळली. दोन दिवसांत ब्रिगेड मोडली आणि दळवी कैद झाले. नोव्हेंबरात मेनन यांना जावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पंतप्रधान नेहरूंनी निवृत्त थोरातांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. दळवी १९६३ साली चीनच्या कैदेतून सुटून आले. घडले ते सगळे त्यांनी पुढे एका पुस्तकात लिहून काढले.